हिरड्यांचा दाह आणि आरहूसचा प्रयोग

दात घासताना हिरडीतून रक्त आले की बहुतेक माणसे तेथून ब्रश जपून फिरवू लागतात, किंवा काही दिवस ती जागा घासण्याचेच सोडून देतात. हा उपाय रोगास पोषक ठरतो. तो का, हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगाने दाखवून दिले.

ज्यांचे दात अस्वच्छ त्यांच्या हिरड्या सुजलेल्या, असे पाहण्यांतून त्याआधीही आढळले होते. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते, असे नव्हे. वाढते वय, आहारातील उणिवा, शरीराची घडण यांनाही दोष दिला जात असे. डेन्मार्कमधील आरहूस येथील दंतवैद्यक महाविद्यालयात हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नाची बाजू उलटविली. निरोगी हिरड्यांची बारा माणसे त्यांनी निवडली. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. म्हणजे दात घासण्याचे महत्त्व ज्यांना निराळे सांगावयास नको, असे लोक. त्यांना दातांची सर्व स्वच्छता थांबविण्यास सांगण्यात आले.

दातांवर, विशेषतः हिरडीच्या कडेने, मऊ, चिकट थर साचू लागला. यास प्लाक म्हणतात. हा अन्नाचा गाळ नव्हे. ती जंतूंची दाट वस्ती असते आणि नुसत्या चुळा भरून ती निघत नाही. आरंभी तीत मुख्यतः गोल व दंडाकृती जंतू होते. पुढे तंतूसारखे व दोन्ही टोकांना निमुळते जंतू वाढले. शेवटी स्वल्पविरामाच्या आकाराचे आणि मळसूत्री जंतू दिसू लागले. १० ते २१ दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्यांना दाह झाला. एकही जण सुटला नाही. वय तेच, शरीर तेच. बदलली होती ती केवळ सवय.

प्रयोगाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. दात पुन्हा नीट घासू लागताच प्लाक नाहीसा झाला आणि सुमारे आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. रक्त येणे ही घासण्यामुळे झालेली इजा नसून बहुधा न घासल्याची खूण असते, हे यावरून ध्यानी यावे. अर्थात, दाह खोल जाऊन दाताभोवतीचे हाड झिजले, तर ते असे आपोआप भरून येत नाही.

१९७० मध्ये ल्यो आणि शिऑट यांनी आणखी एक पायरी गाठली. दात न घासताही क्लोरहेक्सिडीनच्या ०.२ टक्के द्रावणाने दिवसातून दोनदा चुळा भरल्यास प्लाक साचत नाही व दाहही होत नाही, असे त्यांना आढळले. दोष जंतूंच्या थराचाच, हे त्यामुळे पक्के झाले. मात्र या द्रावणाने दातांवर तपकिरी डाग पडतात व काही काळ चवही बिघडते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांसारख्या मोजक्या प्रसंगीच दंतवैद्य ते सुचवितात.