ब्रेक दाबला, ऊर्जा कुठे गेली?

लांब उतारावरून सायकलने येताना तुम्ही ब्रेक दाबून धरला आहे ना? खाली आल्यावर ब्रेकच्या रबराला हात लावून पाहा. ते गरम लागेल. ही उष्णता आली कुठून?

काही वर्षांपूर्वी मी जपानमधील नागोया शहरात वर्षभर राहिलो. तेथेही वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. पण एक फरक लगेच ध्यानात आला. लांबवर तांबडा दिवा दिसला, की माझे सहकारी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलत. गाडी आपोआप मंदावे. चौकात पोचेपर्यंत पुष्कळदा दिवा हिरवा होई आणि गाडी थांबवावीच लागत नसे.

यात काय साधते? गणित करून पाहू. समजा, १००० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जात आहे.

गतिज ऊर्जा = १/२ × वस्तुमान × (वेग)² = १/२ × १००० × १५ × १५ = १,१२,५०० ज्यूल.

ब्रेक दाबून गाडी थांबवली, की घर्षणामुळे या ऊर्जेची उष्णता होते व ती हवेत निघून जाते. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअसने वाढले असते! पेट्रोलमधील ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असे धरले, तर एकदा थांबणे म्हणजे सुमारे १४ मिलिलिटर, मोठा चमचाभर पेट्रोल वाया घालवणे. वेग दुप्पट असेल, तर हे नुकसान चौपट.

जपानच्या शासनाने वाहनचालकांना दहा सूचना केल्या आहेत. त्यांतील एक अशी : गाडी सुरू केल्यावर पहिल्या पाच सेकंदांत ताशी २० किलोमीटर एवढाच वेग घ्या, इंधनात सुमारे दहा टक्के बचत होईल. दुसरी सूचना, उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवा. कारण दहा मिनिटांत ते सुमारे १३० मिलिलिटर पेट्रोल पिते.

वाया जाणारी ऊर्जा परत मिळवता येईल का? डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटा कंपनीने जपानमध्ये 'प्रियस' ही गाडी विक्रीस आणली. तिच्यात पेट्रोल इंजिन व विद्युत मोटर दोन्ही असतात. अशा गाडीला हायब्रिड म्हणतात. वेग कमी करताना हीच मोटर जनित्राचे काम करते व बॅटरी भारते. सायकलच्या डायनॅमोचा दिवा लावला, की पायडल जड होते, हे तुम्हांला ठाऊक असेल. येथेही तसेच घडते : वीज तयार होते आणि गाडी मंदावते.

मात्र जनित्र, बॅटरी, मोटर या प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जातेच. निव्वळ विजेवरील गाडीलाही हा नियम चुकत नाही. शिवाय तिची वीज कोळशापासून झाली असेल, तर धूर दूरच्या चिमणीतून निघतो. म्हणून यंत्र कितीही सुधारले, तरी चालकाची सवय महत्त्वाची राहतेच.

हे सायकलवर अजमावून पाहा. शाळेत जाताना किती वेळा ब्रेक दाबावा लागला, ते मोजा. दुसऱ्या दिवशी पुढचा रस्ता पाहून पायडल मारणे वेळीच थांबवा आणि पुन्हा मोजा. धोका दिसला तर मात्र ब्रेक ताबडतोब दाबायचा! दोन दिवसांच्या आकड्यांत काय फरक पडला? पाय कोणत्या दिवशी कमी दमले?