परदेशी शिकायला गेलेले लेकरू आणि आपली ख्रिस्तसभा

मिशन रविवारनिमित्त अभ्यासपाठ
वाचन : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार ख्रिस्तसभा मिशन रविवार म्हणून पाळते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली ही प्रथा सुरू केली. मिशन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डोंगरातला पाडा, पायी फिरणारे फादर आणि दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर येतात. आज आपण एका वेगळ्या मिशनक्षेत्राचा विचार करणार आहोत. ते म्हणजे विद्यापीठ, आणि त्यातही घर सोडून परक्या देशात शिकायला गेलेला विद्यार्थी.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. आपल्या सोलापूरची मुलेमुली आज जर्मनी, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला शिकायला जातात. बँकेचे कर्ज काढले जाते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसवून देताना बॅगेत शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि सोलापुरी चादर भरली जाते. व्हिसा, फी, खोली, थंडीचे कपडे यांची चौकशी आपण महिनोन्महिने करतो. पण "तिथे रविवारी मिस्साला कुठे जाशील?" हा प्रश्न किती घरांत विचारला जातो?

१. रथातला परदेशी

आजच्या वाचनातील इथिओपियाचा अधिकारी परदेशातून यरुशलेमला आलेला होता. तो विद्यार्थी नव्हता, पण त्याच्या हातात पुस्तक होते आणि पुस्तकाचा अर्थ त्याला लागत नव्हता. फिलिपने काय केले ते क्रमाने पाहा. त्याने रथ अडवला नाही. तो जवळ धावत गेला आणि त्या माणसाचे वाचन त्याने ऐकले. मग समजते आहे का, एवढेच विचारले. वर येऊन बस, असे त्या परदेशी माणसानेच म्हटले. फिलिप शेजारी बसला आणि जो उतारा समोर होता तिथूनच त्याने येशूविषयी सांगायला सुरुवात केली. स्नानसंस्कारही त्या माणसाने आपण होऊन मागितला.

ऐकणे, शेजारी बसणे आणि मग सांगणे, अशा या तीन पायऱ्या आहेत. घाईघाईने तिसरीवर उडी मारली तर काय होते आणि पहिल्या दोन नीट चढल्या तर काय होते, याची दोन उदाहरणे पाहू. एक पॅरिसचे आहे, दुसरे आपल्या कोल्हापूरचे.

२. पॅरिसमधील एक खोली

संत फ्रान्सिस झेवियर हा मिशनकार्याचा आश्रयदाता संत. जुन्या गोव्यात त्याच्या अवशेषांचे दर्शन आपल्यापैकी अनेकांनी घेतले असेल. पण तो स्वतः एके काळी परदेशी शिकणारा विद्यार्थी होता, हे आपण विसरतो. १५०६ साली नव्हार प्रांतात जन्मलेला हा तरुण १५२५ मध्ये पॅरिस विद्यापीठात आला. सेंट बार्ब महाविद्यालयात पीटर फेबर हा सव्हॉयचा शेतकऱ्याचा मुलगा त्याच्या खोलीत राहत असे. फ्रान्सिस हुशार होता, खेळात पटाईत होता आणि महत्त्वाकांक्षी होता. पदवी, मान आणि उत्तम पगाराची जागा हे त्याचे ध्येय होते. आपल्या मुलांच्या ध्येयाहून ते फारसे वेगळे नव्हते.

१५२९ मध्ये त्या खोलीत तिसरा विद्यार्थी आला. वय ३८ वर्षे, एका पायाने लंगडणारा, जुना सैनिक. तो म्हणजे इग्नेशियस लोयोला. त्याला अभ्यास शिकवण्याचे काम पीटरकडे आले, म्हणजे गुरू शिष्याहून १५ वर्षांनी लहान होता. पीटर लवकरच त्याचा मित्र झाला. फ्रान्सिस मात्र त्याची थट्टा करी. इग्नेशियसने वाद घातला नाही. पुढे फ्रान्सिस शिकवू लागला तेव्हा इग्नेशियसने त्याच्याकडे विद्यार्थी पाठवले. पैशांची अडचण आली तेव्हा मदत केली. आणि वेळ पाहून एकच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. सगळे जग मिळवून आत्मा गमावला तर काय लाभ, हा प्रभू येशूचा तो प्रश्न.

फ्रान्सिसचे मन वळायला जवळजवळ चार वर्षे लागली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी देवाला वचन दिले. त्यातून येशूसंघाचा उगम झाला. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस गोव्यात उतरला. जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्याला आपले विद्यापीठ आठवले. पॅरिसला जावे आणि ज्यांच्यापाशी विद्या पुष्कळ पण तिचा उपयोग करण्याची इच्छा थोडी आहे, त्यांच्यापुढे वेड्यासारखे ओरडावे, असे त्याला वाटत होते.

यातून काय शिकायचे? संपूर्ण पूर्वेकडील मिशनकार्याचे बीज वसतिगृहाच्या एका खोलीत पेरले गेले. तिथे व्यासपीठ नव्हते. एक सोबती होता आणि त्याला धीर होता.

३. कोल्हापूरचे पत्र आणि न्यू जर्सीचे घर

आता आपल्या मराठी मुलखातील उदाहरण घेऊ. १८८० च्या सुमारास गोपाळराव जोशी हे पोस्टखात्यात नोकरी करत होते. आपल्या पत्नीने अमेरिकेत जाऊन शिकावे अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी रेव्हरंड वाइल्डर या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना पत्र लिहिले. वाइल्डर कोल्हापुरात अनेक वर्षे काम करून अमेरिकेला परतले होते. त्यांच्या उत्तराचा रोख असा होता की, जोशींनी ख्रिस्ताचा स्वीकार करावा. जोशींना ते मान्य नव्हते. मदतीची बोलणी तिथेच थांबली.

पण वाइल्डरांनी हा पत्रव्यवहार आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' मासिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या तो वाचनात आला, तोही दंतवैद्याकडे नंबर येण्याची वाट पाहत असताना. त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. पुढे पत्रांची ये-जा सुरू झाली. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. जाण्यापूर्वी १८८३ साली सेरामपूर येथे दिलेल्या भाषणात तिने जाहीर सांगितले की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा कार्पेंटरबाईंनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात तिचे निधन झाले. वय पुरते २२ वर्षेही नव्हते. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

आनंदीबाई शेवटपर्यंत हिंदूच राहिली. मग कार्पेंटरबाईंनी केले ते मिशनकार्य म्हणायचे की नाही? या प्रश्नाशी आपण थोडे थांबले पाहिजे. "मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले," असे ज्यांना प्रभू न्यायाच्या दिवशी म्हणेल त्यांच्यात या बाई नसतील काय? ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्या पत्राने जे दार बंद झाले, ते ख्रिस्ताप्रमाणे वागणाऱ्या एका घराने उघडले.

वाइल्डरांना दोष देऊन मात्र आपण मोकळे होऊ नये. त्यांचा मुलगा रॉबर्ट हा १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. प्रिन्स्टनला शिकलेल्या या तरुणाच्या पुढाकाराने १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथील शिबिरात १०० विद्यार्थ्यांनी मिशनकार्यासाठी परदेशी जाण्याचा निश्चय केला. त्यातून विद्यार्थ्यांची मोठी मिशनरी चळवळ उभी राहिली. वडिलांचे पत्र अपुरे पडले, तरी त्या घरातील तळमळ खरी होती.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन सिस्टरांच्या सहवासात स्नानसंस्कार घेतला आणि पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या राहिल्या. पण आपल्या बुद्धीला पटल्याशिवाय एखादी गोष्ट केवळ आज्ञा म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या, आणि यावरून त्यांच्या धर्ममातेशी त्यांचा पत्रांतून बराच वाद झाला. तरी त्यांची श्रद्धा तुटली नाही. शिकणाऱ्या मुलाने प्रश्न विचारले म्हणजे त्याचा विश्वास गेला, असे आपण मानू नये.

४. ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन विश्व परिषदेने १९६५ साली या बाबतीत स्पष्ट मार्गदर्शन केले आहे. मिशनकार्यावरील 'आद जेंतेस' हा दस्तऐवज (क्र. १३) बळजबरीने किंवा आमिष दाखवून कोणाला श्रद्धेकडे आणण्यास मनाई करतो. त्याच दस्तऐवजात (क्र. ३८) मिशनप्रदेशांतून शिक्षणासाठी किंवा कामासाठी आलेल्यांचे बंधुभावाने स्वागत करावे आणि त्यांची आध्यात्मिक काळजी घ्यावी, असे सांगितले आहे. अशा लोकांमुळे दूरची राष्ट्रे शेजारी होतात, असा विचार तिथे मांडला आहे.

मग येशूचे नाव घ्यायचेच नाही काय? तसे नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली 'एवांजेली नुन्सियांदी' या पत्रात (क्र. २१-२२) म्हटले की, पहिली साक्ष जगण्याची असते आणि ती शब्दांवाचूनही बोलते. पण लवकर किंवा उशिरा त्या जगण्यामागचे कारण, म्हणजे प्रभू येशू, शब्दांत सांगावा लागतो. फिलिपच्या तीन पायऱ्या त्या याच. तिसरी गाळायची नाही, आणि ती पहिलीही करायची नाही.

५. आपण काय करावे?

(अ) निघण्यापूर्वी. मुलाला केवळ निरोप देऊ नका, त्याला पाठवा. जाण्याआधीच्या रविवारी मिस्सात त्याच्यासाठी आशीर्वाद मागा. स्नानसंस्काराचा व दृढीकरणाचा दाखला आणि फादरांचे ओळखपत्र कागदपत्रांत ठेवा.

(ब) पोहोचल्यावर. पहिल्याच आठवड्यात विद्यापीठातील कॅथलिक केंद्र शोधायला सांगा. अमेरिकेत त्याला बहुधा न्यूमन सेंटर म्हणतात. पहिला न्यूमन क्लब १८९३ साली फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निघाला, आणि ज्यांचे नाव त्याला दिले ते कार्डिनल न्यूमन २०१९ साली संत म्हणून घोषित झाले. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कॅथलिक चॅप्लन्सी असते. जर्मनीत ही केंद्रे के.एच.जी. या आद्याक्षरांनी ओळखली जातात, आणि तेथे परदेशी विद्यार्थ्यांना अडचणीत सल्ला व मदतही मिळते.

जर्मनीत पत्त्याची नोंदणी करताना धर्म विचारतात. कॅथलिक लिहिले तर चर्च कर बसेल या भीतीने तो रकाना रिकामा सोडण्याचा सल्ला मित्र देतात. हा कर मिळकत करावर ८ किंवा ९ टक्के असतो. ज्या विद्यार्थ्याला मिळकत करच बसत नाही त्याला साधारणपणे तो भरावा लागत नाही. पुढे नोकरी लागल्यावर तो द्यावा लागेल हे खरे, पण चार पैसे वाचवण्यासाठी आपली ओळख कागदावरून पुसावी काय, याचा मुलाने समजून उमजून विचार करावा.

(क) सावधगिरी. एकट्या पडलेल्या परदेशी विद्यार्थ्याला गोड बोलून जवळ करणारे सगळेच हितचिंतक नसतात. घरच्यांशी संबंध तोडायला सांगणारा, प्रश्न विचारू न देणारा, पैशांची किंवा सगळ्या वेळेची मागणी करणारा गट दिसला की दूर राहावे. इग्नेशियस चार वर्षे थांबला. खरा सोबती घाई करत नाही.

(ड) आपल्या दारात. सोलापुरातही बाहेरगावची मुले शिकायला येतात. आपले विद्यापीठ २००४ पासून आहे, वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालये त्याआधीपासून आहेत. नर्सिंग शिकणारी परप्रांतीय मुलगी रविवारी शेवटच्या बाकावर बसते आणि मिस्सा संपताच वसतिगृहावर निघून जाते. तिला आपली भाषा येत नाही, आणि आपणही तिला नाव विचारत नाही. आपले लेकरू परदेशात ज्या बाकावर बसले असेल, तोच हा बाक आहे. कोणीतरी कार्पेंटरबाई त्याला भेटावी असे वाटत असेल, तर इथे आपण तसे व्हायला हवे. नाताळच्या दिवशी एका विद्यार्थ्याला जेवायला बोलावण्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही.

चिंतनासाठी व गटचर्चेसाठी प्रश्न

१. फिलिपच्या तीन पायऱ्यांपैकी आपण कोणती गाळतो?
२. कार्पेंटरबाईंच्या जागी तुम्ही असता तर आनंदीबाईशी श्रद्धेविषयी कधी आणि कसे बोलला असता?
३. आपल्या धर्मग्रामातून शिकायला बाहेर गेलेल्या मुलांपैकी किती जणांशी आपला संपर्क आहे? या महिन्यात कोणाला पत्र लिहाल किंवा फोन कराल?
४. आपल्या चर्चमध्ये येणाऱ्या, पण आपण नाव विचारले नाही अशा एखाद्या विद्यार्थ्याला पुढच्या रविवारी कोण भेटेल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, लहानपणी तूही आईबापांबरोबर परक्या देशात राहिलास. शिकण्यासाठी दूर गेलेल्या आमच्या मुलामुलींना सांभाळ. त्यांना चांगले सोबती दे, आणि त्यांना इतरांचे चांगले सोबती कर. आमच्या दारी आलेल्या परक्या लेकराला ओळखण्याची दृष्टी आम्हाला दे. आमेन.