बरी हाय की!

घाटकोपरच्या टेकडीवर दाट वस्ती आहे. तिथे एका खोलीत एक आजी राहते, असे समजा. आजी मूळची साताऱ्याकडची. आता मुलाकडे असते. एके दिवशी पाहणी करणारी एक बाई दारात आली. तिने विचारले,

“आजी, तुमची तब्येत कशी आहे?”

“बरी हाय की. देवाच्या दयेनं समदं ठीक हाय.”

“खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, खूप वाईट. यांतलं काय लिहू?”

“लिव्ह, चांगली.”

“सुईत दोरा ओवता येतो का?”

“नाय बाई. दोन वर्सं झाली. नात ओवून देती.”

“दवाखान्यात दाखवलंत?”

“त्यात काय दाखवायचं? वय झालं. ह्यो काय आजार हाय व्हय?”

सून चुलीपाशी होती. तिने हे ऐकले. एका घरात राहून तिला ही गोष्ट माहीत नव्हती.

ही आजी गोष्टीतली आहे. पण अशी पाहणी खरोखर होते. घाटकोपरपासून जवळच देवनार आहे. तिथे आंतरराष्ट्रीय जनसंख्या विज्ञान संस्था आहे. ती १९५६ साली सुरू झाली. २०१७ व २०१८ साली या संस्थेने देशभर एक मोठी पाहणी केली. ७२ हजारांहून जास्त लोकांना प्रश्न विचारले. त्यांतले बहुतेक ४५ वर्षांपुढचे होते. तब्येत विचारली, तसाच रक्तदाब मोजला. नजर तपासली. मुठीची ताकदही मोजली.

तुम्ही म्हणाल, “तब्येत कशी आहे?” एवढे विचारून काय कळणार? पुष्कळ कळते. पुणे जिल्ह्यात वढू नावाचे गाव आहे. वढूत आणि आसपासच्या गावांत २००७ साली हाच प्रश्न विचारला. पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून जास्त माणसांनी उत्तरे दिली. पुढे काही वर्षे त्या माणसांची नोंद ठेवली. ज्यांनी ‘वाईट’ म्हटले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले. माणसाला आतून काहीतरी जाणवत असते. म्हणून घरातले कोणी “बरं वाटत नाही” म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नये.

पण ‘चांगली’ म्हणणारा प्रत्येक जण निरोगी असतोच असे नाही. अमर्त्य सेन हे मोठे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी २००२ साली एक नवल दाखवून दिले. केरळातले लोक जास्त वर्षे जगत. तरी आजाराची तक्रार तेच जास्त करत. बिहारमध्ये आयुष्य कमी, आणि तक्रारही कमी. असे का? केरळात बहुतेकांना लिहितावाचता येत होते. दवाखानेही जवळ होते. त्यामुळे आजार कोणता, हे त्यांना ओळखता येई. जिथे उपचारच मिळत नाहीत, तिथे माणूस दुखणे अंगवळणी पाडून घेतो.

दुखणी वयाप्रमाणे बदलतात. तरुणपणी डोके दुखते, थकवा येतो. पुष्कळ बायका म्हणतात, “कामानं थकते.” पण महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत हे दिसले. चाळिशीनंतर कंबर आणि गुडघे बोलू लागतात. रक्तदाब मात्र बहुधा बोलत नाही. तो मोजावाच लागतो. म्हणून तिशीनंतर वर्षातून एकदा तो मोजून घ्यावा. म्हातारपणी नजर, कान, दात आणि झोप यांच्या तक्रारी वाढतात. आणि कोणत्याही वयात खोकला दोन आठवडे राहिला, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

आता आजीकडे वळू. त्या रात्री सुनेने नवऱ्याला सांगितले. दोघे आजीला सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले. मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया झाली. काही दिवसांनी शेजारची म्हातारी म्हणाली, “मला बी कमी दिसतंय. वय झालं.” आजी म्हणाली, “वय झालं म्हनू नगं. आदी दाखवून ये.”

वय होणे थांबत नाही. पण वयाच्या नावाखाली आजार लपू शकतो. कोणी तब्येत विचारली, तर खरे सांगावे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपणही विचारावे. “बरी हाय” एवढ्यावर थांबू नये. दिसते का, ऐकू येते का, झोप लागते का, असे एकेक विचारावे.

शब्दांचे अर्थ
पाहणी – घरोघरी जाऊन माहिती गोळा करणे
मोतीबिंदू – डोळ्यातले भिंग धुरकट होणे
अंगवळणी पडणे – सवय होणे

प्रश्न
१. आजीने आपली तब्येत ‘चांगली’ का सांगितली?
२. केरळातले लोक आजाराची तक्रार जास्त का करत?
३. तुमच्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आज तीन प्रश्न विचारा. उत्तरे वहीत लिहा.