वेगापेक्षा वेगबदलाला जपा

ऑर्गनचा आवाज लावायचा, रोटरीचं बटण दाबायचं आणि गाणं संपेपर्यंत कीबोर्ड थरथरत ठेवायचा, ही पद्धत आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत आणि भजनी मंडळांत चांगलीच रुळली आहे. शिरड शहापूरला मल्लिनाथांचा उत्सव असो, भीमजयंतीचा गायनाचा कार्यक्रम असो की लग्नाचा मांडव, भोंग्यातून येणारा ऑर्गन बहुधा कानाला टोचतोच. मग दोष वाद्याच्या माथी मारला जातो आणि महागडं मॉडेल घेण्याचे बेत सुरू होतात. अनुभवाने सांगतो, पैसे मोडण्याआधी रोटरी ज्याची नक्कल करते तो फिरता स्पीकर नेमकं काय करतो ते समजून घ्या. त्याची सगळी जादू एका वेगातून दुसऱ्या वेगात जाण्यात आहे आणि ती साध्या कीबोर्डवरही बऱ्यापैकी साधता येते.

हॅमंड ऑर्गन अमेरिकेत 1935 मध्ये बाजारात आला. त्याचा सपाट सूर भरदार वाटावा म्हणून डोनाल्ड लेस्ली यांनी 1940 च्या सुमारास फिरत्या स्पीकरचं लाकडी कपाट बनवलं. त्यात वरचे स्वर फिरत्या कर्ण्यातून आणि खालचे स्वर स्पीकरसमोर फिरणाऱ्या ढोलातून बाहेर पडतात; ही वाटणी साधारण 800 हर्ट्झला होते. कर्णा आपल्याकडे येताना सूर किंचित चढतो आणि लांब जाताना उतरतो, अगदी रस्त्यावरून गेलेल्या एसटीच्या हॉर्नसारखा. आवाजही त्याबरोबर लहानमोठा होतो. संथ चालीत कर्णा मिनिटाला 40 ते 50 फेरे घेतो, जलद चालीत 400 च्या आसपास. खटका बदलला की हलका कर्णा सेकंदभरात वेग पकडतो, जड ढोलाला मात्र काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात वरचे आणि खालचे स्वर वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि श्रोत्याच्या अंगावर काटा येतो तो इथेच. सतत जलद ठेवलं तर हा क्षण येतच नाही. म्हणून अंतरा संथ ठेवावा, शेवटच्या ओळीचा लांब सूर धरलेला असताना वेग वाढवावा आणि ध्रुवपद स्थिरावलं की पुन्हा संथ व्हावं.

आवाज निवडतानाही सावध राहावं लागतं. स्वस्त कीबोर्डांच्या काही आवाजांत फिरकी आधीच रेकॉर्ड केलेली असते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे. खालचा सा धरा आणि मग एकेक पट्टी वर चढत जा. गरगर वाढत गेली, किंवा तीन पट्ट्या एकदम दाबल्यावर प्रत्येक सूर आपापला डुलायला लागला, तर तो आवाज सोडून द्या. खऱ्या कपाटात सगळे सूर एकाच कर्ण्यातून जातात, त्यामुळे ते एकत्रच फिरतात. न थरथरणारा साधा ऑर्गन घ्यावा आणि त्यावर रोटरी लावावी. टच बंद ठेवावा, कारण हॅमंडचा आवाज बोटाच्या जोराने वाढत नाही. सोय असेल तर सस्टेनचं पेडल वेगबदलाला जोडावं. क्रम निवडता येत असेल तर ओव्हरड्राइव्ह रोटरीच्या आधी आणि रिव्हर्ब नंतर ठेवावा. कपाटातही अँप्लिफायर आधी येतो आणि खोलीचा घुमारा शेवटी.

घरी हेडफोनवर छान वाटलेलं मांडवात विरून जातं, त्याचं कारण निराळं आहे. रोटरीत डावी बाजू वाढते तेव्हा उजवी कमी होते. आपल्या गावांतली साउंड सिस्टीम बहुधा मोनो असते. तिथे दोन्ही बाजू एकत्र आल्या की चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. यावर उपाय म्हणजे दोन्ही जॅकमध्ये पिना घालाव्यात आणि मिक्सरवर एकाच बाजूचा चॅनल उघडावा. फक्त डाव्या जॅकमध्ये पिन घातली, तर बऱ्याच कीबोर्डांत दोन्ही बाजू आतच एकत्र होतात. एकच बाजू उघडली तर दुसऱ्या बाजूचे ताल आणि वाद्यं ऐकू येणार नाहीत, हा आक्षेप खरा आहे. म्हणून त्यांचं पॅन आधी मध्यावर आणून ठेवावं.

कुणी म्हणेल, गावातल्या लोकांना एवढं काय कळतं? नावं कळत नसतील, पण भाता कसा ओढलाय हे पेटी ऐकून ओळखणारा हा श्रोता आहे. सूर जिवंत की मेलेला, हे त्याला नक्की कळतं. मग खरं कपाटच का आणू नये? कारण ते 60 किलोंहून जड असतं आणि टेम्पोतून गावोगाव नेण्याजोगं नाही. हे सगळं आपल्या संगीताला परकं आहे, असंही म्हणतात. पण मराठी संगीत नाटकाने ऑर्गन साथीला घेतला, तेव्हा तोही परदेशीच होता आणि त्या जातीच्या अनेक बाजांत सूर कंपवण्यासाठी हवेने फिरणारी पट्टी असायची. तेव्हा कीबोर्ड बदलण्याआधी आठवडाभर फक्त वेगबदलाचा रियाज करा, मांडवात एकच बाजू उघडून ऐका आणि मगच दुकानाची पायरी चढा.