संस्कृतीचा पट मांडताना

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत गणित शिकवतो. सुट्टीत मुलांना घेऊन एक खेळ मांडतो: शेजारी एकमेकांचं काय उचलतात, काय नाही. मूळ मांडणी अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांची, १९९७ची. त्यातून हाती लागलेलं काही:

१. आधी वही, मग संगणक. चार बाय चार घरं आखा. प्रत्येक घराच्या पाच गोष्टी लिहा: भाषा, सण, जेवण, पोशाख, गाणी. प्रत्येकीला तीनच पर्याय ठेवा.

२. पाच चिठ्ठ्या पुरतात. एक घर आणि त्याचा एक शेजारी निवडा, चिठ्ठी काढा. त्या गोष्टीत दोघं सारखे असतील तरच बोलणं होतं. मग पहिलं घर शेजाऱ्याची एखादी वेगळी गोष्ट घेतं. पाचांत दोन जुळत असतील, तर बोलण्याची शक्यता ४० टक्के. काहीच जुळत नसेल, तर शून्य.

३. सगळा पट एकरंगी होईलच असं नाही. ॲक्सेलरॉड यांच्या १०० घरांच्या पटावर, पाच गोष्टी आणि प्रत्येकीला दहा पर्याय असताना, शेवटी सरासरी तीनेक वेगळे प्रदेश उरले. शेजारी सारखे होतात आणि त्यामुळेच सीमा पक्क्या होतात.

४. गोष्टी वाढवल्या की मिसळण वाढते, पर्याय वाढवले की तुकडे वाढतात. मुलांचा अंदाज इथं हमखास चुकतो. जितके विषय जास्त, तितकी एखादा तरी जुळण्याची शक्यता जास्त.

५. उदाहरण बांधावरचं घ्या. मार्गशीर्षातली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात होते आणि सीमेपलीकडे कर्नाटकातही. भाषा दोन, पण रब्बी ज्वारीचं रान एक. तेवढ्या एका धाग्यावर भज्जी-आंबिलीचा सण दोन्हीकडे नांदतो.

६. राजसत्तेसाठी वेगळं घर ठेवा. १९४८पर्यंत यातला लातूर-धाराशिवचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूत चाले, जात्यावरच्या ओव्या मराठीतच राहिल्या. वरून आलेली भाषा हे शेजाऱ्यांचं देणंघेणं नव्हे. म्हणून पटावर एक ‘कचेरी’ ठेवतो: ती सगळ्यांशी बोलते, स्वतः बदलत नाही.

७. एका डावावर निष्कर्ष काढू नका. त्याच नियमांनी, त्याच सुरुवातीपासून पुन्हा खेळलं तरी नकाशा वेगळा येऊ शकतो. इतिहासाचंही तसंच: प्राचीन काळी रोमन जगाशी व्यापार करणारं आमच्या जिल्ह्यातलं तेर आपल्याला एकाच डावात दिसतं. तिथं जे घडलं ते घडणारच होतं, असं म्हणणं घाईचं.

८. खेळ संपल्यावर मुलांना एकच काम देतो: ज्या घराशी तुमचं बोलणं नाही, त्याच्याशी जुळणारी एक गोष्ट शोधून आणा. नियमाप्रमाणे शून्यातून बोलणं सुरू होत नाही, एकापासून होतं.