फिल्टर धुतला, पण ते पेट्रोल कुठं ठेवलं?

ताईंनो, निंदणीचे दिवस आले की औजार बँकेतला पॉवर वीडर या शेतातून त्या शेतात फिरत राहतो. मग एक दिवस तो काळा धूर सोडतो, पेट्रोल जास्त पितो, चढाला दम टाकतो. अशा वेळी लगेच मेकॅनिककडे पळू नका. आधी एअर फिल्टर उघडून बघा. पुष्कळदा तोच धुळीनं बुजलेला असतो.

मागच्या हंगामात एका गटाच्या बैठकीला गेले होते. फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन उरलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं होतं. दिसायला अगदी कोऱ्या चहासारखं. चार वर्षांच्या नातवानं बाटली तोंडाला लावायला आणि आजीनं झडप घालायला एकच गाठ पडली. त्या दिवशी हप्त्यांचा विषय कुणी काढलाच नाही.

खरं तर स्पंजच्या फिल्टरला पेट्रोल लागतच नाही. त्यानं स्पंजचा चिकटवलेला जोड सुटू शकतो, आणि त्याची वाफ लांबच्या चुलीवरही पेट घेते. रॉकेलही सुरक्षित समजू नका. साधारण 40 अंशांच्या आसपास त्याचीही वाफ पेटू शकते, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

इंजिन गार होऊ द्या, पेट्रोलचा कॉक बंद करा, झाकण खोलून स्पंज काढा. उघड्या तोंडावर स्वच्छ फडकं लावा (नंतर काढायला विसरू नका!). आधी जुन्या कागदात दाबून स्पंजमधलं तेल टिपा. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण घेऊन दाबत-दाबत धुवा. कपड्यासारखा पिळायचा नाही, फाटतो. फाटला असेल तर नवीनच घाला. सावलीत पूर्ण वाळला की थोडं इंजिन ऑइल लावून सगळीकडे पसरवा, जास्तीचं दाबून काढा. हेच बहुतेक जणी विसरतात. धूळ अडते ती तेलाला चिकटून, कोरड्या स्पंजमधून ती सरळ इंजिनात जाते. आत कागदाचा फिल्टर असेल तर तो मात्र धुवायचा नाही, हलकेच झटकायचा.

आधीच साठलेलं घाण पेट्रोल-रॉकेल नालीत, विहिरीजवळ किंवा चुलीत ओतू नका. पावसात ते मुरत-मुरत पाण्यापर्यंत जातं. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, वर ठळक लिहा, आणि मुलांचा हात पोचणार नाही तिथं, आगीपासून दूर, कुलपात ठेवा. जळकं ऑइल वेगळ्या डब्यात, दोन्ही मिसळू नका. वापरलेलं ऑइल 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं, ते परवाना असलेल्यांकडेच जायला हवं. वीडर सर्व्हिसिंगला नेताना डबे सोबत न्या, पण ते घेतात का, हे आधी फोन करून विचारा.

आणि कुणी चुकून प्यायलंच तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. उलटीबरोबर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत डब्याच्या कुलपाची किल्ली कुणाकडे राहणार ते ठरवा आणि औजार बँकेच्या रजिस्टरात लिहून ठेवा.