पी५३ पेशीनेच मोडायचं, तर विषाणू वेगळं काय करतो?

प्रश्न : आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. डॉक्टर म्हणाले, विषाणू पेशीतलं राखणदार प्रथिन नष्ट करतो. पण निरोगी पेशीही ते मोडते, असं वाचलं. मग फरक काय? – एक वाचक, मोरा (उरण)

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. हे प्रथिन म्हणजे पी५३. केंद्रकात डीएनएला जोडलं जाऊन ते पेशीचं विभाजन थांबवतं, वेळ पडल्यास पेशीला मरायला लावतं. ते सतत साचत राहिलं तर धडधाकट पेशीही मरतील. म्हणून एमडीएम२ नावाचं प्रथिन त्याला युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन चिकटवतं. एखादंच चिकटलं, तर पी५३ केंद्रकाबाहेर जातं. साखळी चिकटली, की प्रथिनं मोडणारा प्रोटिअझोम त्याचे तुकडे करतो. डीएनएला इजा झाली, की पी५३ला फॉस्फेट जोडले जातात, एमडीएम२ची पकड सुटते आणि ते केंद्रकात साठतं. विशेष म्हणजे, एमडीएम२चं जनुक चालू करणारंही पी५३च. त्यामुळे संकट सरल्यावर पातळी आपोआप उतरते.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला विषाणू, म्हणजे एचपीव्ही, इथेच घाला घालतो. त्याचं ई६ प्रथिन पेशीतलंच दुसरं एन्झाइम हाताशी धरतं आणि डीएनएला इजा झालेली असतानाही पी५३ मोडायला लावतं. पी५३चं जनुक बहुधा शाबूत असतं, पण प्रथिन टिकत नाही.

उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू ठेवा. टाटा मेमोरिअलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र तुमच्या जवळ खारघरलाच आहे. घरातल्या तिशीपुढच्या बायकांची तपासणी मात्र करून घ्याच. टाटा मेमोरिअलने मुंबईत सुमारे दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात, नुसतं व्हिनेगर लावून केलेल्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.